भिंतीतला गज

माझ्या वर्गमित्राच्या वडिलांइतका एका इमारतीवर जीव टाकणारा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. आणि ती इमारत त्यांची स्वतःची नव्हती. आमच्या गावातल्या कापड व्यापाऱ्यांची महाजनवाडी ती. आता तिथे लग्नं लागतात, पण जुन्या काळी व्यापाऱ्यांचे तंटे तिथे मिटत. मित्राचे वडील, म्हणजे आमचे काका, स्वतः कापडवाले. दुकान उघडण्याआधी वाडीची पायरी झाडायची आणि दिवसभरात जो तावडीत सापडेल त्याला तिचा इतिहास ऐकवायचा, हा त्यांचा नेम. तो इतिहास ते वर्षानुवर्षं लिहीतही होते. सुरुवात चौथरा कोणी बांधला इथून व्हायची. ऐकणाऱ्याची खांडबाऱ्याची गाडी चुकायची, पण काका चौथऱ्याच्या पुढे सरकत नसत.

त्यांचा खरा जीव मात्र दाराशेजारी भिंतीत बसवलेल्या, कापड मोजायच्या लोखंडी गजात होता. डोंगरातून बाजाराला आलेल्या माणसाला दुकानदाराच्या मापाचा संशय आला, तर त्याने कापड इथे आणून स्वतः गजाला लावून पाहायचं आणि तोवर दुकानदाराने रस्त्यावर उभं राहायचं, अशी महाजनांची रीत. "भित खोटं बोलत नही," काका म्हणत. कळसाडीची एक वरात त्यांनी दारातच अडवली, नवरदेवाचं उपरणं काढून गजाला लावलं, आणि आत भटजी मुहूर्तासाठी तळमळत असताना ते पुरतं दोन गज भरल्याचं जाहीर केलं. नवरदेव बिचारा मान डोलावून आत गेला.

पुस्तक छापायला देण्याआधी गजाची नेमकी लांबी लिहावी म्हणून काकांनी पोलादी टेप आणला. दुसरं टोक मी धरलं होतं. तीनदा मोजलं. तीन फुटांचा हवा तो गज दोन बोटं आखूड निघाला. झिजला म्हणावं, तर दोन्ही टोकांवरचे महाजनांचे शिक्के शाबूत होते. म्हणजे तो घडवलाच तसा होता, आणि खात्री करायला आलेला डोंगरातला माणूस दर गजामागे दोन बोटं कापड गमावूनच परतत होता. काका पायरीवर बसले.

"आते हाई बी लिखनं पडी," ते म्हणाले.

"कोनले समजी, काका?" मी म्हणालो.

"माले समजनं ना."

महाजनांची आताची मंडळी म्हणाली, ते पान गाळा, पुस्तक छापू. काकांनी बाड फडक्यात बांधून घरी नेलं. ज्यांचं बोलणं चुकवायला आम्ही गल्ली बदलायचो, ते काका गप्प झाले, आणि मला त्या गल्लीतून जाववेना. दुकानात मात्र डोंगरातलं गिऱ्हाईक आलं की मीटर भरल्यावर त्यांची कात्री दोन बोटं पुढे सरकायची. एकदा तोरणमाळच्या एका म्हातारीच्या ते ध्यानात आलं. दादा, माप चुकलं, असं बजावून तिने जादाचं कापड दुमडलं आणि कापायला पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे, माय. तुन्हंच शे ते," काका म्हणाले. त्यांनी कात्री मिटून बाजूला ठेवली.

मागच्या वर्षी काका गेले. मित्राने ते बाड माझ्या हाती दिलं. ते छापायचं धाडस मलाही अजून झालेलं नाही, हे सांगताना लाज वाटते. वाडीत लग्नाला गेलो की सगळे पंगतीकडे वळतात, मी दारात जरा रेंगाळतो. गजाच्या टोकाला माझी दोन बोटं लावून पाहतो. मग तो पुरता भरतो.