सुरेश पगारे स्क्रीनचा वास घेत नव्हता

पगारे गेल्याचं कळलं तेव्हा मी सिन्नरच्या एका मसाल्याच्या कारखान्यात, मालकाच्या केबिनमध्ये, सहा माणसांना हसवत होतो. वेबसाइट कशी दिसणार त्याचा मॉकअप, म्हणजे अजून नुसतं चित्रच, भिंतीवरच्या टीव्हीवर लावलेलं होतं. लोक ते फार निरखून बघायला लागले की बदल सांगतात, म्हणून अशा वेळी मी किस्से सांगतो. ही माझी जुनी पद्धत. तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या डिझायनर मुलीचा, ऋतुजाचा फोन आला. "सर, पगारे सर गेले. पहाटे झटका आला." मी फोन खिशात ठेवला. समोरचे सहाही जण किस्सा पुढे कधी सरकतो म्हणून माझ्याकडे बघत होते... किस्सा पगारेचाच होता.

नाशकात तो बऱ्याच जणांनी ऐकला असेल. सांगणारा मी. म्हणून आता नीट सांगतो.

सुरेश पगारे माझ्याकडे आला तो एका छापखान्यातून. शरणपूर रोडला शिंप्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक पंखा, आणि तो पंखा पगारेचा वेग बघून लाजेनं हळू फिरतो असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. हँडबिलं आणि लग्नपत्रिका करून त्याचा हात असा बसला होता की फोटो सुधारायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच तो अख्ख्या वेबसाइटचे मॉकअप काढायचा. माऊसला जेमतेम हात लावायचा, सगळं कीबोर्डवर. खालचा शिंपी मशीन थांबवून छताकडे बघायचा, आपल्यापेक्षा जास्त टाके कोण घालतंय म्हणून. यातलं निम्मं माझं आहे. पण एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हातानं त्यानं एका द्राक्षवाल्याचं अख्खं पान पुरं केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. अकरा वर्षं असं चाललं. तो मला बापू म्हणायचा, मी त्याला पगारे.

मग ऋतुजा आली आणि तिच्याबरोबर नवीन सॉफ्टवेअर आलं. इंटरनेटवर उघडणारं. एकाच पानावर तिघांनी एकदम काम करावं, गिऱ्हाइकानं घरी बसून मोबाइलवर खूण करून बदल सांगावेत, असलं. पगारे म्हणाला, जुनंच बरं आहे. ती म्हणाली, जुनं मुळात या कामासाठी नाहीच. मला तमाशा आवडतो. मी सामना लावला. देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याची वेबसाइट, चौदा पानं, दोघांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये करायची. पगारेनं जेवायच्या सुट्टीआधी संपवली तेव्हा ऋतुजा निम्म्यावर होती. मी शिट्टी मारली. संध्याकाळपर्यंत तिचंही झालं, आणि व्यापाऱ्याचा फोन आला की बटणं हिरवी नकोत, कांद्यासारखी लाल करा. ऋतुजानं एका जागी रंग बदलला आणि चौदाही पानांवरची बटणं लाल झाली. पगारे एकेक पान उघडत बसला. पाचव्या पानावर थांबला.

"बापू, हिचंच घे," तो म्हणाला. "मला फक्त थोडा वेळ दे."

मी महिना दिला. मला वाटलं, भरपूर दिला. निर्णय बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर तेच घ्या म्हणून सांगेन. चुकलं ते त्यानंतरचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये न बघता पळणारी त्याची बोटं इथे अडायची. कडेच्या पट्टीतली बारीक करडी अक्षरं शोधायला तो नाक पडद्याला टेकवायचा. ऋतुजाला मधूनच विचारायचा, हा निळा तुला कसा वाटतो गं? मला वाटायचं, तिची तोंडी परीक्षा घेतोय. आणि एका दुपारी चहाच्या टपरीवर मी बोलून गेलो की आमचा पगारे आता स्क्रीनचा वास घेऊन डिझाइन करतो. सगळे हसले. पगारेही हसला.

मग मला थांबता येईना. पुढच्या आठवड्यात माझ्या किस्स्यातला पगारे निळा आणि जांभळा वासावरून ओळखायला लागला. महिनाअखेरीस सर्दी झाली म्हणून रजा मागायला लागला. दर खेपेला मी एक वीट चढवत होतो, आणि किस्सा माझ्याआधी गावात पोहोचत होता. पगारेनं राजीनामा दिला तेव्हा घरी जरा लक्ष द्यायचंय म्हणाला. मी थांब म्हणालो... एकदाच म्हणालो.

त्यानंतर तो जिथे काम मागायला जाई तिथे लोक आधी हसत. हे त्यानं कधी सांगितलं नाही. मला इतरांकडून कळत होतं, आणि खरं तर मला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता. वर्षभरानं तो ऑफिसात आला. अंबडला खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात डिझायनर हवा होता आणि मालक माझ्या ओळखीचा. पगारे उभाच राहिला. "बापू, एक फोन कर त्यांना. ते वासाचं गंमत म्हणून होतं एवढंच सांग. बाकी मी बघतो."

मी त्याच दिवशी फोन केला. मालकानं विचारलं, तोच ना, वास घेणारा? तिथे मला एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, तसं काही नाही. पण पलीकडून हसू यायला लागलं होतं. आणि मी म्हणालो, "तोच. आता तर चव घेऊन रंग ओळखतो." मालक इतका हसला की माझी खात्री झाली, शिफारस झाली. पगारेला सांगितलं, बोललोय. बोलावणं आलं नाही. मी परत फोन केला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या घरी गेलो. माणसं पांगल्यावर संगीतावहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला आतल्या खोलीत नेलं. त्यांनी सांगितलं, साखरेच्या आजारानं त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर जागोजागी रक्त उतरलं होतं. माझ्याकडे होता तेव्हापासूनच. लेझर दोनदा केलं, पण गेलेलं परत आलं नाही. डोळे अधू असलेल्या डिझायनरला कोण ठेवेल, म्हणून बाहेर कुठे बोलायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. टेबलावर कीबोर्ड होता, काही बटणांवर बोटाला लागावेत म्हणून लाल नेलपॉलिशचे सुकलेले थेंब. शेजारी एक वही. पानावर एकच खूण, जाड मार्करनं, हाताच्या पंजाएवढी. नवीन सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या कामाला कुठलं बटण, ते सगळं.

"मी वाचायचे, हे बोटं लावायचे," वहिनी म्हणाल्या. "आठ महिने लागले. शेवटी शेवटी न बघता करायचे सगळं. रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. म्हणायचे, बापूनं अंबडला फोन केलाय, येईल बोलावणं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "केला होता ना भाऊ तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "केला होता."

गेल्या रविवारी पुन्हा गेलो, उरलेलं सांगायला. जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. वाटलं, कुणी आलंय. आत त्या एकट्याच होत्या, मांडीवर पेपरची ही रविवारची पुरवणी, जिच्यात हे छापून येतंय तीच. पगारेला ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लागायची आणि डोळे गेल्यापासून त्याच वाचून दाखवायच्या, रविवारी, चहा झाल्यावर. आता मनात वाचताच येत नाही म्हणाल्या. समोरची खुर्चीही त्यांनी हलवलेली नाही. मी त्यांनी केलेला चहा प्यायलो आणि काही न बोलता जिना उतरलो.

म्हणजे हेही त्या मोठ्यानंच वाचतील, त्या खुर्चीला. वहिनी, फोन मी केला होता. त्यावर काय बोललो ते वर लिहिलंय. तेवढ्यात तरी मी एक शब्दही वाढवलेला नाही.