सत्काराने तोडलेली तान

“हीच तान तू कालही घेतली होती,” तबल्यावरचा हात थांबवून मी म्हणालो.

“मंग? पक्की आहे नं काका,” वैष्णवी म्हणाली.

पक्की होती, हीच अडचण होती. तान म्हणजे सुरांची वेगवान लड. ती गाता गाता सुचावी, अशी अपेक्षा असते. या सुचण्याला आम्ही उपज म्हणतो. वैष्णवीची उपज मोबाइलमध्ये होती. नांदगाव खंडेश्वरात शिकवणारं कोणी नाही, म्हणून तिने रेकॉर्डिंग ऐकून अख्खा बागेश्री राग पाठ केला होता, श्वासांसकट. तिला शिष्या करायचं की नाही, ते अकोल्याचे बुवा मैफलीत ऐकून ठरवणार होते. पाठ करून गाणाऱ्यांना ते चहा पाजून परत पाठवत.

“बुवांना कळेल,” मी म्हणालो.

“जुने लोकं घरून काहीच ठरवून येत नव्हते का जी?”

मी पुन्हा ठेका धरला.

अकोल्यात गाणं बिनचूक चाललं होतं. पहिल्या रांगेत बुवांचा चेहरा मात्र बस चुकलेल्या माणसासारखा. तेवढ्यात प्रमुख पाहुणे उशिरा पोचले. ऐन तानेत निवेदकाने माइक घेतला. “कलावंतांनी क्षणभर थांबावं, सत्कार उरकून घेऊ.” शाल झाली, श्रीफळ झालं. मग पाहुणे अभिजात संगीत जगलं पाहिजे यावर बोलले. तोवर संगीत बंदच होतं.

भाषण संपलं तशी वैष्णवी माझ्याकडे झुकली. “काका, कुठपर्यंत आलं होतं जी?”

“मले काय मालूम? तू निघ. समेवर भेटू.”

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गायक आणि तबलजी तिथे एकत्र पोचतात, निदान पोचावेत.

पाठ केलेलं मधूनच तुटलं की मधूनच जोडता येत नाही. तिची पहिली तान समेच्या आधीच संपली. मागे कोणीतरी खाकरलं. मग तिने त्याच फसलेल्या तानेचे शेवटचे तीन सूर धरले आणि वेगवेगळ्या जागांवरून फिरवत सुटली. ती कुठे निघाली हे मलाही कळेना. मी ठेका साधा ठेवला आणि वाट बघितली. ती नेमकी समेवर उतरली आणि स्वतःच हसली. बुवा सावरून बसले.

नंतर त्यांनी विचारलं, “शेवटचं कुठून उचललं?”

“कुठूनच नाही जी. बाकीचं सारं विसरली होती. लई भेव वाटत होतं.”

“रविवारपासून ये. भीत भीतच ये.”

आजच्या मुलांना उपज जमते का, असं लोक मला विचारतात. जमते. पाठ केलेलं आधी हातचं जावं लागतं, एवढंच. त्यासाठी प्रमुख पाहुणे उपयोगी पडतात, पण दर वेळी बोलवा, असं मी म्हणणार नाही.