मास्साबांना ओळखणारी दोन माणसं

"फोटो नको," महाजन मास्साब तिसऱ्यांदा म्हणाले. "आणि हात जोडलेला तर बिलकुल नको."

मी प्रूफ परत माझ्याकडे ओढलं. प्रूफ म्हणजे छापण्याआधीची कच्ची प्रत, गिऱ्हाइकानं चुका काढाव्यात म्हणून दिलेली. सवयीनं मी वरच्या कोपऱ्यात फोटोची चौकट सोडली होती. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीचे दिवस होते, आणि आमच्या बऱ्हाणपुरात त्या दिवसांत बिनाफोटोचा कागद कोणी छापून घेत नाही. वाढदिवस असो की बोअरवेलचं उद्घाटन, थोबाड आधी, मजकूर मागून.

पण मास्साब उमेदवार नव्हते. कोणाचे कार्यकर्तेही नव्हते. रिटायर्ड शिक्षक. आमच्याकडे शिक्षकाला मास्साबच म्हणतात. त्यांना स्वतःच्या खर्चानं दोन हजार पॅम्प्लेट छापून पेपरवाल्यांकडून घरोघरी टाकायची होती. मथळा होता, 'निवडणूक अशी असावी, असं मला वाटतं.' खाली पाच मुद्दे.

माझं लग्न होऊन मी रावेरहून इथं आले तेव्हापासून ही ऑफसेट प्रेस बघते आहे. गेली अकरा वर्षं तर सगळा कारभार माझाच. लग्नपत्रिका, बिलबुकं, केळीच्या ट्रकवाल्यांच्या बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या, सगळं छापलं. पण पदरचे पैसे खर्चून स्वतःचं मत छापून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. यात यांना काय मिळणार, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. शेवटी विचारलं.

मास्साबांनी चष्मा पुसला. तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्यूटी लागली होती. कधी निंबोला, कधी असीरगढ, कधी पार आतल्या फाल्यावर, म्हणजे आदिवासी वाडीवर. लोकांच्या बोटाला शाई लावायची आणि संध्याकाळी पेटी सील करायची. ड्यूटीच्या गडबडीत स्वतःचं मत पुष्कळदा टाकायचं राहूनच गेलं. "तीस वर्षं दुसऱ्यांची मतं पेटीत टाकून घेतली, शोभाताई. मला काय वाटतं ते आता एकदा सांगून टाकतो."

मुद्दे मी टाइप करतानाच वाचले होते. काही भारी होते. निवडून आलेल्यानं दरवर्षी एक दिवस त्याच शाळेत, त्याच मतदानाच्या खोलीत येऊन बसावं आणि लोकांनी त्याला विचारावं. त्यानं दिलेली आश्वासनं शाळेच्या वहीत लिहून ती वही हेडमास्तरांच्या कपाटात ठेवावी. पाचवा मुद्दा, पोस्टरवर फोटोऐवजी फोन नंबर मोठा असावा. तिसरा मुद्दा मात्र मला कसासाच वाटला. हरलेल्या उमेदवारालाही निगमच्या बैठकीत खुर्ची द्यावी, मत नाही, फक्त प्रश्न विचारायचा हक्क. मनात म्हटलं, हरलेला घरी बसत नाही हेच तर आपलं दुखणं आहे. पण गिऱ्हाइकाच्या मजकुरात आपण नाक खुपसायचं नसतं. 

मग फॉर्मचा विषय निघाला. निवडणुकीच्या काळात निवडणुकीवरचा कुठलाही कागद छापायचा, तर छापून घेणाऱ्यानं एक घोषणापत्र भरून द्यावं लागतं. त्यावर दोन जणांच्या सह्या लागतात. त्याची एक प्रत आम्ही छापलेल्या कागदासोबत कलेक्टर ऑफिसला पाठवतो. पॅम्प्लेटच्या तळाशी प्रेसचं नाव, छापून घेणाऱ्याचं नाव आणि किती प्रती छापल्या ते बारीक अक्षरात येतं, त्याला आम्ही प्रिंट लाइन म्हणतो. एका निवडणुकीत आमच्या यांनी या दोन्ही गोष्टी विसरून गठ्ठा छापून दिला होता. नोटीस आली, मशीन बंद राहिली, ऐन सीझनला आम्ही माशा मारत बसलो. तेव्हापासून फॉर्मशिवाय मी छपाईची प्लेट बनवत नाही.

"तुमच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या दोन माणसांच्या सह्या आणा," मी सांगितलं. उमेदवारांना मी नेहमी असंच सांगते. ते दोन कार्यकर्त्यांना खूण करतात, पाच मिनिटांत काम होतं.

मास्साब हसले. "दोन? चौकापर्यंत गेलो तर वीस सापडतील." दुपारी येतो म्हणून गेले.

दुपारी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, फॉर्म कोरा. मेहुणे म्हणाले, माझी पोरगी सरकारी नोकरीत आहे, कलेक्टर ऑफिसात माझं नाव कशाला? शेजारच्या किराणावाल्यानं विचारलं, मास्साब, खरं सांगा, मागून कोणत्या पार्टीचा हात आहे? एक जुने सहकारी शिक्षक म्हणाले, पहिले चार मुद्दे बरोबर आहेत, पाचवा काढा, मग सही करतो. दुसऱ्यानं दुसरा काढायला सांगितला. ज्याला सही मागावी त्याला आधी सगळे मुद्दे समजावून सांगावे लागत होते. तो हुज्जत घालायचा, आणि मास्साब येऊन मला मजकूर बदलायला सांगायचे.

"मास्साब, हे चौथं प्रूफ आहे," मी वैतागून म्हटलं. "लग्नपत्रिकेत नवरा बदलला तरी एवढी प्रुफं निघत नाहीत."

त्यांचा जुना विद्यार्थी नितीन एका पार्टीचं काम करायचा. तो बाइकवरून आला, मास्साबांच्या पाया पडला आणि म्हणाला की दोन काय, दहा सह्या आणतो, फक्त खाली कोपऱ्यात आमच्या भैयांचा एक छोटासा फोटो टाका. मास्साबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाही म्हणाले. तो परत पाया पडून गेला. सही न करताच.

गुरुवार उजाडला. त्या दिवशी प्लेट बनली नाही तर मतदानाआधी पॅम्प्लेट वाटून होणार नव्हती. मास्साब सकाळीच येऊन स्टुलावर बसले. फॉर्म घडी घालघालून मऊ पडला होता. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत होते. येणारे-जाणारे त्यांना राम राम घालत होते, आणि ते प्रत्येकाला उत्तर देत होते.

"एवढी माणसं नमस्कार करतात," ते म्हणाले. "सहीला एक नाही. या गावात मला कोणी आहे की नाही, तेच समजेना."

 त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला, तुम्हीच करा म्हणाले. मी केली नाही. छापणारीच साक्षीदार झाली तर उद्या कोणी बोट ठेवलं म्हणजे? मशीन बंद पडल्याचे ते दिवस डोळ्यांपुढे आले. माझी मलाच लाज वाटली, पण फॉर्म मी परत सरकवला.

समोर रामदास टेलरचं दुकान आहे. त्याचं आणि मास्साबांचं जुनं वाकडं. एका वर्षी शाळेच्या गणवेशाचा अख्खा लॉट मास्साबांनी परत पाठवला होता, चड्ड्या दोन बोटं आखूड आहेत म्हणून. रामदासनं सगळ्या उसवून पुन्हा शिवल्या आणि नंतर वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नाही. तो गळ्यात टेप घालून दोरा मागायला आला होता. बंडल बांधायचा दोरा तो माझ्याकडूनच नेतो. काय चाललंय म्हणून त्यानं फॉर्म उचलला.

मास्साब मुद्दे समजावायला लागले. रामदासनं हातानंच थांबवलं. मुद्दे न ऐकता तो फॉर्मच वाचत राहिला, बोट ठेवून, ओळीओळीनं.

"इथं लिहिलंय, या माणसाला मी व्यक्तिशः ओळखतो," तो म्हणाला. "त्याचं म्हणणं मला पटतं, असं कुठं लिहिलंय?"

मी फॉर्म त्याच्या हातातून घेतला. खरंच लिहिलेलं नव्हतं. छापून घेणारा माणूस तोच आहे, एवढंच त्या सह्यांनी सांगायचं होतं. अकरा वर्षं तो फॉर्म मी लोकांपुढे सरकवत होते आणि एकदाही नीट वाचला नव्हता. पाठीशी उभं राहायचं वगैरे माझ्या तोंडचं होतं, कायद्याचं नव्हे. आणि माझ्या त्या एका वाक्यावर हा भला माणूस पाच दिवस दारोदार पाठिंबा मागत फिरला.

"याचं एकही पटणार नाही मला, मी आधीच सांगून ठेवतो," रामदास सही करत म्हणाला. "पण ओळखतो. चांगलाच ओळखतो."

मी मास्साबांची माफी मागितली. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते त्या सहीकडेच बघत होते, आणि मग एकदम उठले. निंबोल्याची बस पकडतो म्हणाले. तिथल्या सुकलाल कोटवारानं, म्हणजे गावच्या चौकीदारानं, एका मतदानाला त्यांची तहसीलला तक्रार केली होती. मतदारांच्या मागेमागे आत येतो म्हणून मास्साबांनी त्याला चारचौघांत खोलीबाहेर काढलं होतं. तोही आपल्याला विसरला नसणार, असं त्यांचं म्हणणं.

तो विसरला नव्हता. चार वाजता मास्साब दुसरी सही घेऊन परत आले. सुकलालनं आधी ती जुनी तक्रार पहिल्यापासून ऐकवली, मग चहा पाजला आणि मग सही केली म्हणे.

पॅम्प्लेट वेळेत छापली. छापण्याआधी मास्साबांनी सहावा मुद्दा घालायला लावला. उमेदवारानं अर्जासोबत अशा दोघांच्या सह्या आणाव्यात, ज्यांचं त्याच्याशी एकदा तरी भांडण झालेलं आहे.

दोन हजार प्रती पेपरात घालून वाटल्या गेल्या. कुठल्याही उमेदवारानं काही मनावर घेतलं नाही. निवडणूक जशी व्हायची तशी झाली. मात्र सही मागताना ज्यांच्याशी हुज्जत झाली होती ते मास्साबांना अजून रस्त्यात अडवतात, त्या पाचव्या मुद्द्याचं काय ठरवलं म्हणून. रामदासनं एक प्रत दुकानात चिकटवली आहे आणि समासात कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं आपले आक्षेप लिहिले आहेत. मास्साब संध्याकाळी तिथं बसून त्यांना उत्तरं देतात.

मीही गठ्ठा देताना तिसऱ्या मुद्द्याचं मनातलं बोलून टाकलं. तासभर भांडलो. चहा निवून गेला.

आता माझ्याकडे कोणी फॉर्म मागितला की मी तो आधी मोठ्यानं वाचून दाखवते. उमेदवार घड्याळाकडे बघतात. मग मी विचारते, तुमच्याशी भांडलेलं कोणी आहे का? ते कार्यकर्त्यांकडे बघतात, आणि कार्यकर्ते माझ्याकडे.