मोगऱ्याचे पाणी तोडणेबाबत

विषय : राहत्या घराचे तोडलेले पाणी पुन्हा सुरू होणेबाबत.
संदर्भ : (१) अर्जदाराची स्वतःच्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी. (२) सौ. यांचे तोंडी उत्तर.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, माझ्याएवढा शहाणा माणूस आमच्या कॉलनीत दुसरा नाही. ‘शहाणा’ हा शब्द कोल्हापुरात कोणत्या सुरात म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच सुरात वाचा. आणि चहा गार करू नका, हकीकत जरा लांबलेली आहे.

थंडीत बागेत तशी कामं थोडीच. शेवंतीची वाळलेली फुलं खुडायची, गुलाबाच्या आळ्यात लेंडीखत घालायचं, डेलियाला काठीचा आधार द्यायचा, झालं. उरलेला वेळ चैत्राची वाट बघत भांडायचं. हे शेवटचं काम आम्ही चारपाच निवृत्त माणसं फार निष्ठेनं करतो. पाण्याच्या टाकीखाली एक कट्टा आहे. नऊच्या सुमाराला तिथं ऊन येतं आणि उन्हाबरोबर आम्ही, मफलर गुंडाळून.

या कट्ट्यावर शिर्के नावाचे गृहस्थ आहेत. सगळं आयुष्य गुळाच्या पेठेत गेलं, पण बोलणं असं की गुळाशी कधी ओळख झाली असेल असं वाटत नाही. त्यांचा मोगरा चैत्रात असा फुलतो की कॉलनीतल्या सगळ्या बायकांच्या वेण्यांत शिर्केच दिसतात. त्यांचं म्हणणं, पौषात मोगऱ्याचं पाणी तोडायचं. त्याला ताण द्यायचा. पानं गळू द्यायची, मग छाटणी, मग खत, आणि मग पाणी.

मी वाचलेला माणूस. कचेरीत तीस वर्षं टिपणं लिहिली, बागकामावरची दोन पुस्तकं वाचनालयातून आणून वाचली. मी सगळ्यांदेखत सांगितलं की, मुक्या जिवाला तहानलेलं ठेवून फुलं मागणं हा रानटीपणा आहे. शिर्क्यांनी शांतपणे विचारलं, गेल्या चैत्रात तुमच्या मोगऱ्याला फुलं किती आली?

मी म्हटलं, पानं मात्र टवटवीत आहेत.

“मग त्यो मोगरा न्हवं ओ,” शिर्के म्हणाले. “ती पालेभाजी हाय. जुडी बांधा आणि मंडईत न्या.”

कट्टा हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू टिकवलं आणि फाटक लावून मोगऱ्यासमोर उभा राहिलो. खरोखरच पालेभाजी होती हो!

तेव्हा ठरवलं, पाणी तोडायचं. पण शिर्क्यांना कळता कामा नये. ज्याला चारचौघांत रानटी म्हटलं, त्याचीच रीत आपण उचलली, हे बाहेर गेलं असतं तर मला कट्टा बदलावा लागला असता, आणि कॉलनीत ऊन येणारा दुसरा कट्टा नाही.

आता अडचण अशी की नेमकं त्याच आठवड्यात मला जयसिंगपूरला जावं लागलं. थोरल्या भावाच्या जमिनीचे कागद लावून द्यायचे होते. घरी आमच्या सौभाग्यवती एकट्याच राहणार. मुलगा नोकरीला पुण्यात. आणि सौभाग्यवतींचा स्वभाव असा की झाडानं जरा मान टाकली की त्यांच्या हातातला तांब्या आपोआप कलंडतो. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा त्या मोगऱ्याला पाजतात. म्हणजे आठ दिवसांत ताण तर सोडाच, मोगऱ्याचं बाळंतपण झालं असतं.

मग मी गणपाला चिठ्ठी लिहिली. आमच्या कॉलनीला महापालिकेचं पाणी अजून आलेलं नाही. सोसायटीची विहीर आहे, वर टाकी आहे, आणि टाकीच्या चाव्या फिरवणारा गणपा आहे. कोणी गावाला गेलं की बागेला पाणीही तोच घालतो. सकाळची गाडी गाठायची होती, गणपा कुठं दिसेना, म्हणून चिठ्ठी टाकीखालच्या त्याच्या खोलीच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. ती चिठ्ठी पुढे मला इतक्या वेळा दाखवण्यात आली की आता पाठ आहे. ऐका.

‘गोपनीय. विषय : मोगऱ्याचे पाणी तोडणेबाबत. मोगऱ्याचे पाणी उद्यापासून पुढील सूचना मिळेपर्यंत संपूर्ण तोडावे. आमच्या घरातून दयाबुद्धीने पाणी मिळविण्याचे प्रयत्न होतील, त्यास दाद देऊ नये. सुकल्यासारखे दिसेल, मान टाकल्यासारखे वाटेल, घाबरू नये. ताण बसल्याशिवाय सुधारणा होत नाही, हा इतरांचा अनुभव आहे. या बाबतीत कोणाशीही चर्चा करू नये. छाटणीचे मी परत आल्यावर स्वहस्ते पाहीन.’

खाली सही, तारीख.

मसुदा म्हणून काही चूक काढता येते का बघा. मला त्या वेळी तर अभिमानच वाटला होता.

इथं एक बारीकसा खुलासा करायचा राहिला. आमच्या घराचं नाव ‘मोगरा’ आहे. फाटकावर संगमरवरी पाटी आहे. सोसायटीच्या वहीत प्रत्येक घर नावानंच नोंदलेलं आहे, आणि ती नोंदवण्याची पद्धत मीच सुचवली होती.

गणपाला जेमतेम सही करता येते, हे मसुद्याच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं चिठ्ठी उचलली आणि चिटणीस मान्यांकडे नेली. माने हा अत्यंत सरळ माणूस. झाडांपैकी त्यांना फक्त कढीपत्ता ओळखता येतो, तोही आमटीत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, सही ताडून पाहिली, आवक वहीत नोंद केली, आणि जड अंतःकरणानं गणपाला सांगितलं की ‘मोगऱ्या’ची चावी बंद कर. कारण विचारू नकोस, घरगुती बाब आहे.

जयसिंगपुरात मी रोज दुपारी भावाला मोगऱ्याविषयी सांगत होतो. इकडे आमच्या सौभाग्यवती शेजारून कळशी आणत होत्या.

आठ दिवसांनी परतलो. कॉलनीच्या कोपऱ्यावर गंगूआक्का भेटल्या. आक्का आमच्या शेजारीण, वयानं आणि आवाजानं सगळ्यांना वडील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पाणी तोडलंसा म्हणं?”

मी चपापलो. म्हटलं, बातमी फुटली वाटतं. पण आक्कांना झाडांचं कळतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. मी हळूच म्हणालो, “तोडलं की. आठ दिवस झाले.”

“आणि जिवाला काय वाटत न्हाय?”

“वाटतं ना. पण आक्का, लाड फार झाले होते. लाड केले की नुसता विस्तार वाढतो, बाकी उपयोग शून्य.”

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, खोकला आला असेल. मी आणखी माहिती पुरवली. म्हटलं, शिर्क्यांच्या घरी तर दरवर्षी करतात. पण हे कुणाला बोलू नका.

“आणि आता म्होरं?” त्यांनी विचारलं.

“आता छाटणी,” मी म्हटलं. “कात्री धार लावून आणलीय जयसिंगपुराहून.”

आक्का त्या वयात ज्या वेगानं घरात गेल्या, तसं मी त्यांना कधी जाताना पाहिलं नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत शिर्क्यांच्या बायकोनं शिर्क्यांकडे, दरवर्षी तुम्ही कुणाचं काय तोडता, याचा खुलासा मागितला, हे मला नंतर कळलं.

घराला कुलूप होतं. किल्ली आक्कांकडे होती, पण त्या दार उघडेनात. अखेर खिडकीच्या गजातून एक हात आला, किल्ली पडली, खिडकी बंद झाली. आत स्वयंपाकघरात रिकामी घागर पालथी घातलेली. तोटी सोडली तर नुसती हवा. ओट्यावर चिठ्ठी : ‘राधानगरीला दादाकडे जाते. तिथे पाणी भरपूर आहे.’ विषय नाही, संदर्भ नाही, पण मुद्दा स्पष्ट.

मी धावत कट्ट्यावर गेलो. मला पाहून सगळे सरकून बसले. एक जण तर उठून उभा राहिला, आदरानं नव्हे. माने खाली मान घालून म्हणाले की, आम्ही तुमच्या घरच्या भानगडीत पडत नाही, पण लेखी देण्याची वेळ यावी हे बरं नाही झालं. आणि त्यांनी फाईल उघडली.

काय करता? सगळं सांगावं लागलं. मोगरा म्हणजे घर नव्हे, झाड. दयाबुद्धीनं म्हणजे तांदळाचं पाणी. छाटणी म्हणजे छाटणी. मी बोलत असताना शिर्क्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्म्याखालून सावकाश वाचली, आणि ‘हा इतरांचा अनुभव आहे’ या ओळीवर बोट ठेवलं.

“इतर म्हंजे मीच की ओ?”

मी होय म्हणालो. आणखी काय म्हणणार? त्या क्षणी मला घरचं पाणी गेल्याचं दुःख जास्त होतं की ते बोट तिथं ठेवल्याचं, हे अजून ठरलेलं नाही.

पण शिर्के मोठ्या मनाचे. म्हणाले, झालं ते झालं, माने, चावी फिरवायला सांगा. गणपा उठलासुद्धा. मान्यांनी हात वर केला आणि नियमांची वही काढली. सभासदाच्या लेखी विनंतीवरून बंद केलेले पाणी पुन्हा सोडताना, त्या घरात राहणाऱ्या सर्व सज्ञान व्यक्तींच्या सह्यांचा अर्ज घ्यावा. तोंडी खुलासा ग्राह्य धरू नये.

असला आचरट नियम कोणी केला, असं मी विचारणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अक्षर ओळखू आलं. दोन वर्षांपूर्वी कॉलनीत दोघे भाऊ एकमेकांचं पाणी बंदचालू करत होते, तेव्हा मीच तो लिहिला होता, आणि शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं होतं की खाली रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन एस.टी.नं राधानगरीला गेलो. मेव्हणे गोठ्यात होते. दूध काढता काढता त्यांनी मान वर केली.

“या दाजी. पाणी पिणार? हितं चिठ्ठी लागत न्हाय.”

सौभाग्यवती सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी वाटेत भाषण तयार केलं होतं, ते विसरलो आणि अर्ज पुढे केला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ‘पाणी तोडण्याचे कारण’ या रकान्याशी थांबली.

“गैरसमज,” तिनं वाचलं. “कुणाचा?”

“मान्यांचा. त्यांना वाटलं, घराचं. आणि तुझाही झाला असेल...”

“माझा नाही झाला. मान्यांनी चिठ्ठी दाखवली तेव्हाच कळलं, झाडाचं लिहिलंय.”

मी बघतच राहिलो. म्हटलं, मग त्यांना तसं सांगायचं नाही का?

“कसं सांगणार?” ती म्हणाली. “वर गोपनीय लिहिलं होतंत तुम्ही.”

गोठ्यात मेव्हण्यांच्या हातून चरवी कलंडली असावी, तसा आवाज आला.

तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरात मी होते. ‘पाणी घालू नकोस’ एवढं तोंडानं सांगितलं असतंत तर नसतं घातलं. तुम्ही गणपाला लिहून गेलात, की ही विनवण्या करील, तिला दाद देऊ नको.”

कचेरीत कसल्याही पत्राला मी तीन दिवसांत उत्तर तयार करत असे. इथं तेवढाही वेळ न घेता पेन काढलं. कारणाच्या रकान्यात ‘गैरसमज’ खोडून ‘अर्जदाराची चूक’ असं लिहिलं, खाडाखोडीवर सही केली आणि कागद परत तिच्यापुढे ठेवला. तिनं तो वाचला. जरा हसल्यासारखी वाटली, पण ते कदाचित तांदळातल्या किड्याला असेल. मग कागदाची घडी करून तिनं ती डब्याखाली ठेवली.

“राहू दे इथं. सवडीनं बघते.”

तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल. मी तीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांना हेच सांगून परत पाठवलं आहे. सवड म्हणजे किती दिवस, हे त्यांनी विचारलं की मला राग यायचा.

त्याला आज सतरा दिवस झाले. दोन स्मरणपत्रं टाकली. पोच आली, उत्तर नाही. मी सकाळी शिर्क्यांच्या नळावरून दोन बादल्या आणतो, आणि ते रोज विचारतात की ही घरासाठी की झाडासाठी. अर्ज राधानगरी येथे सहीसाठी प्रलंबित आहे.