क्युरेटर आबा

आबांना एखादी गोष्ट पसंत पडली, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझे वडील सगळ्या जगाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि नुसतं "हंऽ" म्हणायचे. माझा दहावीचा निकाल, माझं लग्न, माझ्या बायकोच्या, मुग्धाच्या हातची पुरणपोळी, सगळ्यांची बोळवण त्या एका 'हं'वर झाली. तीन महिन्यांसाठी त्यांना आयर्लंडला आणलं तेव्हा विमानतळावरून ब्लँचर्डस्टाउनच्या घरी येईपर्यंत मी त्यांना हिरवळ दाखवत होतो, गुळगुळीत रस्ते दाखवत होतो. त्यांनी काचेतून एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी बोलावलंस व्हय रं?"

इथल्या पावसाला ते पाऊस म्हणायलाच तयार नव्हते. "दाढीला पानी मारल्यागत पडतोय," म्हणायचे. आमच्या घराच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं आणि "खोका हाय" एवढा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर म्हातारा स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेला! ओट्यावरच्या कपाटांची वरची बाजू ओल्या फडक्याने पुसून झाली होती, आणि ते काळं फडकं मुग्धासमोर धरून शांतपणे सांगत होते, "सूनबाई, ही बगा तुमची परदेशी धूळ." मुग्धा पुण्याची. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही फडकं मीच काळं केलं होतं.

मी इथे औषधांच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो, हवासुद्धा गाळून घेतात. हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. "म्हंजी तुमी एवढी मान्सं मिळून जे करता, ते आमी एका मलमलीच्या फडक्यानं करत हुतो," म्हणाले आणि चहाचा कप पुढे सरकवला. चहाही त्यांना आवडला नव्हताच.

आता आबा कोण होते ते सांगतो. आमच्या गावी जुन्या संस्थानिकांचा राजवाडा आहे. संस्थान गेलं, सरकारने तिथे वस्तुसंग्रहालय केलं, आणि आबा त्यात परिचर म्हणून लागले. परिचर म्हणजे खाकी कपडे घालून दालनात उभा राहतो तो माणूस. छत्तीस वर्षं ते उभे राहिले. सकाळी कुलपं उघडायची, प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते यादी न बघता मोजायचं, जरीच्या कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलायचा, आणि दिवसभर लोकांच्या हातांवर नजर ठेवायची. चेहऱ्याकडे ते कधी बघायचेच नाहीत. "त्वांड काय बगायचं? चोरी हात करतो," म्हणायचे.

क्युरेटर, म्हणजे संग्रहालयाचा साहेब, या जातीबद्दल तर त्यांना विलक्षण तुच्छता होती. त्यांच्या काळात अकरा क्युरेटर आले आणि बदलून गेले. "एकालाबी अंबारीच्या खोलीची किल्ली ठावं नव्हती," हे मी हजारदा ऐकलंय. पाहुणे आले की क्युरेटर पुढे होऊन भाषण ठोकायचा, आणि आबांच्या समोरून असा निघून जायचा की जणू तिथे एक खुंटी आहे. आबा घरी येऊन त्या भाषणांची नक्कल करायचे. मान तिरकी, एक हात पाठीमागे, आवाज नाकातून: "उपस्थित रसिकहो, हा केवळ राजवाडा नव्हे..." आई हसून हसून खाली बसायची.

मी मात्र त्यांची लाज बाळगून मोठा झालो. सहावीत आमच्या वर्गाची सहल त्याच राजवाड्यात गेली. मी मित्रांना काही बोललो नव्हतो. ढालीवर बोट टेकवलं मात्र, मागून आवाज आला, "ए पोरा, हात काढ!" माझ्या बापाने मला सगळ्या वर्गासमोर परक्यासारखं हटकलं. घरी येऊन मी रडलो, तर म्हणाले, "तितं तू माझा कुनी न्हाईस. तितं तू फक्त हात." वर्गातल्या पोरांनी ते 'हात काढ' चांगलं महिनाभर पुरवलं. त्यानंतर कुणी वडिलांबद्दल विचारलं की मी मोघम सांगायला शिकलो. म्युझियममध्ये आहेत.

हे मोघम उत्तर मला इथे भोवलं. आमच्या इथल्या मराठी मंडळात प्रत्येकाचे वडील कुणीतरी मोठे असतात. कुणाचे चीफ इंजिनिअर, कुणाचे डेप्युटी कलेक्टर. या लोकांचं ऐकावं तर महाराष्ट्रात कारकून नावाचा प्राणी कधी जन्मालाच आला नाही! गणपतीच्या जेवणात मंडळाच्या सेक्रेटरी प्राजक्ताताईंनी हातात बटाटेवडा धरून मला विचारलं, "आणि तुझे बाबा?" म्हटलं, "म्युझियममध्ये होते." "ओह वॉव, क्युरेटर?" मी तोंडात घास असल्याचं निमित्त करून मान हलवली. वर, खाली. एवढंच. तेवढ्यावर आबा क्युरेटर झाले, आणि दहा मिनिटांत सबंध हॉलला कळलं. मी काय केलं हे मला लगेच कळलं होतं, पण तोंड उघडून दुरुस्त करायला जी हिंमत लागते ती आमच्यात नाही.

आणि आता आबा साक्षात माझ्या घरात होते. मंडळाला खरं कळलं तर माझी शोभा होणार होती. पण आबांना कळलं तर? ज्या माणसाने आयुष्यभर क्युरेटरांवर थुंकून दिवस काढले, त्याला त्याचा मुलगा क्युरेटर म्हणून मिरवतोय, हे कळलं तर? या भीतीने मी त्यांना मंडळाच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नव्हतो. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, झोप झाली नाही, सगळी दुखणी मी त्यांच्या अंगाला चिकटवली. ते मात्र ठणठणीत होते.

शेवटी प्राजक्ताताईंनी भारतातून आलेल्या आईवडिलांची सहल काढली. शहरातला जुना राजवाडा, ज्याला इथे सगळे कॅसल म्हणतात. इंग्रजांनी तिथून शेकडो वर्षं या देशावर राज्य केलं. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि आता नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तिथल्याच एका झगमगीत दालनात होतो. एरवी ते सगळं म्युझियम म्हणून लोकांना खुलं असतं. मी नाही म्हणणार होतो, पण प्राजक्ताताईंनी थेट घरी फोन केला आणि तो आबांनी उचलला. संध्याकाळी मला म्हणाले, "राजवाडा हाय म्हनं, म्युझियम केलेला. कसा घान ठिवलाय बगून येऊ." आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली. शनिवारी सकाळी बुटांना पॉलिश करून ते माझ्या आधी दारात उभे. बसमध्ये शेजारी बसून खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. एकदा खिडकीबाहेरचा पार्क दाखवला, एकदा थंडी वाजते का विचारलं, आणि तिसऱ्यांदा नुसतंच मिटलं.

राजवाड्यात बाकीचे आजी-आजोबा झुंबरं बघत होते, सिंहासनाचे फोटो काढत होते. आबांनी सिंहासनाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते वाकून लाकडावर पडलेल्या तिरप्या उजेडात धूळ शोधत होते. पडद्यांच्या मागची भिंत बघितली, ओल आहे का. गालिच्याची कड बघितली, कसर लागली आहे का. एक दालन झालं, दुसरं झालं. मी त्या 'हं'ची वाट बघत होतो. तिसऱ्या दालनात ते सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "राखलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आबा आणि कौतुक?

दाराशी तिथला परिचर उभा होता. साठीचा, लाल चेहऱ्याचा, हात मागे बांधलेले. एका बाईने सोन्याच्या खुर्चीकडे हात नेला, तसा तो अर्धं पाऊल पुढे आला. बोलला काही नाही. बाईंनी हात मागे घेतला, तो पुन्हा जागेवर. आबांनी माझा दंड घट्ट धरला. "बगितलंस? अर्दं पाऊल. शबुद न्हाई!" आणि मी अडवायच्या आत ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मग बोटांनी आधी तीन दाखवले, मग सहा. त्या माणसाने क्षणभर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "थर्टी-सिक्स इयर्स? फेअर प्ले टू यू!" म्हणजे इथल्या बोलीत शाब्बास, असं म्हणत त्याने आबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्याने एक पाय उचलून बुटाचा रबरी तळ दाखवला, आवाज न होणारा. आबांनीही पाय उचलला. त्या राजेशाही दालनात दोन म्हातारे एकमेकांना तळवे दाखवत होते आणि पोरांसारखे हसत होते. माझ्या बापाला असं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात टाळी वाजली. "मंडळी, इकडे या सगळे!" प्राजक्ताताई दालनाच्या मधोमध उभ्या होत्या. "आपलं भाग्य की आज आपल्यासोबत एक मोठे क्युरेटर आहेत. आता ते आपल्याला दोन शब्द सांगतील." आबांनी मागे वळून बघितलं, कोण क्युरेटर आलाय ते. मागे कुणी नव्हतं. मग त्यांना सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेले दिसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गालिच्याकडे बघत होतो.

त्यांनी त्या परिचराच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मान तिरकी केली, एक हात पाठीमागे घेतला आणि नाकातल्या आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे न होता, शुद्ध मराठीत सुरू झाले, "उपस्थित रसिकहो, हा केवळ राजवाडा नव्हे. ही इतिहासाची साक्ष आहे. आपणांसारख्या जाणकारांसमोर मी पामराने काय बोलावं..." पाच मिनिटं बोलले. एक वाक्य खरं नव्हतं, एका वाक्याला अर्थ नव्हता, आणि मंडळी माना डोलावत होती. मूर्ख लेकाचे! टाळ्या वाजल्या. प्राजक्ताताईंनी डोळे पुसले. "किती विद्वत्ता, आणि किती साधेपणा," म्हणाल्या. ती नक्कल होती हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

निघताना तो परिचर दारात हसत उभा होता. आबा जवळ आले तसा त्याने गमतीने पुन्हा पाय किंचित उचलला. मंडळी आबांच्या आजूबाजूला होती, प्राजक्ताताई त्यांचा कोपर धरून होत्या. आबा मान वर करून, समोर बघत, त्याच्या पुढून निघून गेले. मी मागे होतो, म्हणून त्या माणसाचा चेहरा मला दिसला.

बसमध्ये मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "त्यात काय," म्हणाले. "बस चांगली हाय इथली. येळंवर येती."

त्या दिवसापासून आबांना सगळं आवडायला लागलं. त्यांचे तीन आठवडे उरले होते. पाऊस चांगला, घर चांगलं, चहा चांगला. मुग्धाच्या हातून खारट झालेली आमटी चांगली. मुग्धा खूश होती. "बघ, रुळले अखेर," म्हणाली. मी कपाटावरची धूळ तशीच राहू दिली, दाखवलीसुद्धा, म्हटलं, "आबा, बघा हे काय." ते म्हणाले, "असूं दे की. चांगलं हाय." मी त्यांच्यासमोर चुका करत हिंडायचो, एकदा तरी "गाढवा" म्हणतील म्हणून. नाही म्हणाले. विमानतळावर मी पाया पडलो, तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं केलंस समदं."

पुढच्या वर्षी आबा गेले. गावी झोपेतच. तोपर्यंत फोनवर दर रविवारी सगळं चांगलंच होतं.

मी दिवस करून परत आलो, तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर प्राजक्ताताईंनी आबांचा कॅसलमधला फोटो टाकला होता. मान तिरकी, हात मागे. खाली लिहिलं होतं, ज्येष्ठ क्युरेटर आणि इतिहासाचे अभ्यासक यांचं दुःखद निधन. मी गाडीत बसूनच लिहिलं: "ते क्युरेटर नव्हते. परिचर होते, खाकी कपड्यातले. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो." आणि पाठवलं. आता फोन खणाणणार, लोक बोलणार, मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं धरून मी तिथेच बसून राहिलो.

पाच मिनिटांनी प्राजक्ताताईंचं उत्तर आलं. "अच्छा अच्छा. ओम शांती." त्याखाली ओळीने जोडलेले हात. त्याखाली कुणीतरी विचारलं, रविवारच्या ढोलांच्या सरावाला गाडी लावायला जागा मिळेल का. कुणाला काही वाटलं नाही. कुणाला तेव्हाही वाटलं नसतं. या असल्या माणसांसाठी मी माझ्या बापाला क्युरेटर केलं.