सुमनबाईंच्या हातची इंजेक्शनं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि उजव्या बाजूच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "पल्मोनरी ट्युबरक्युलोसिस," ते म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "निवडणुकीपर्यंत बरा होईन ना?"

डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला. "रोज एक इंजेक्शन, तीन महिने. गोळ्या दीड वर्ष. मध्येच सोडलंत तर आजार उलटतो, आणि मग औषधही लागू पडत नाही."

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. महाड-पोलादपूर भागात आमच्या आमदारसाहेबांच्या निवडणुका मीच बांधत असे. कुठल्या वाडीत कुणाचं ऐकतात, कोण कुणावर रुसलंय, मुंबईला कामाला असलेल्यांना मतदानाला कसं आणायचं, सगळं माझ्या डोक्यात. भाषणं साहेब करायचे. पुढच्या वेळी तिकीट तुम्हालाच, असं ते मला तीनदा म्हणाले होते. त्या आशेवर, रोज संध्याकाळी कणकण येत असताना आणि वजन उतरत असताना मी दोन महिने बैठका करत फिरलो. शेवटी पोलादपूरच्या एका बैठकीत खोकलो आणि रुमालावर रक्त दिसलं. तुमचा खोकला महिनाभर थांबत नसेल तर माझ्यासारखी रक्ताची वाट पाहू नका.

इंजेक्शन होतं स्ट्रेप्टोमायसिन, क्षयाचे जंतू मारणारं. रोज सकाळी महाडच्या दवाखान्यात बाकावर बसायचं, नाव पुकारलं की कार्ड पुढे करायचं. इंजेक्शन सुमनबाई द्यायच्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हात हलका. पहिल्या आठवड्यात माझ्यासोबत कार्यकर्ते यायचे. आजाराचं नाव गावात फुटलं तसे ते गळाले. महिन्याभरात फक्त माझी बायको उरली.

तिकीट दुसऱ्याला गेल्याचं मी त्याच बाकावर पेपरात वाचलं. इंजेक्शन न घेताच उठलो. सुमनबाई दारापर्यंत मागे आल्या.

"बसा खाली. इंजेक्शन घ्या, मग जा कुठं जायचं ते."

मी बसलो.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला कानात बारीक शिट्टी वाजू लागली. अशक्तपणा असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. एका सकाळी सुमनबाईंनी मागून हाक मारली, मला ऐकू आली नाही. त्या तडक डॉक्टरांना घेऊन आल्या. या औषधाने काहींच्या कानाची नस दुखावते, वेळेवर थांबवलं नाही तर कायमचं बहिरेपण येतं. डॉक्टरांनी ते बंद करून दुसऱ्या गोळ्या दिल्या. कानात काही वाजायला लागलं तर त्याच दिवशी सांगा, एवढं माझं ऐका.

"तुमच्या बरं लक्षात आलं," मी म्हणालो.

"आईला रोज विचारायची सवय होती. कानात वाजतंय का गो, म्हणून. हेच इंजेक्शन तिला मीच द्यायचे, वरंधला, घरी."

"आता बऱ्या आहेत?"

"नाय. अठ्ठावीस इंजेक्शनं झाली आणि माझी बदली झाली, श्रीवर्धनच्या पलीकडं. मग द्यायला कोण नाय. त्याच साली गेली."

वरंध आणि बदली, हे दोन शब्द पुरले. काही वर्षांपूर्वी वरंधच्या बौद्धवाडीतल्या एका शिक्षकाचा मुलगा पंचायत समितीला आमच्याविरुद्ध उभा राहिला होता. मुंबईत गिरणीत काम करून आलेला, बोलायला चांगला, मतं खाल्ली असती. त्याची बहीण गावातच नर्स होती. मी वर शब्द टाकून तिची लांब बदली करवली आणि त्याला निरोप धाडला: फॉर्म मागे घे, बदली रद्द होईल. त्याने घेतला. आम्ही निवडून आलो, गुलाल उधळला, आणि ती बदली रद्द करायची मी विसरून गेलो. त्या नर्सला मी कधी पाहिलंही नव्हतं.

"ती बदली मी करवली होती," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला. पहिल्या दिवशी कार्डावर नाव वाचलं तेव्हाच."

"मग इतके दिवस मला..."

"पेशंट म्हणून आलात ना?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला. त्या पोरीच्या बदलीचं काय झालं म्हणून. बघू, म्हणालात."

बदली रद्द करणं मुद्दाम अडवून ठेवलं असतं तर मी स्वतःला दुष्ट म्हणून मोकळा झालो असतो. मी नुसता विसरलो. एक कागद, एक फोन, तेवढंच काम होतं. आज सत्तरीत, मिळालं नाही त्या तिकिटाची मला खंत वाटत नाही. पण ते मिळालं असतं तर सुमनबाईंच्या आईचं मरण तरी माझ्या कानावर आलं असतं का, याचा विचार करवत नाही.

दीड वर्षाने एक्स-रे स्वच्छ आला. मी सुमनबाईंना दाखवायला गेलो. हात जोडले आणि म्हणालो, "वरंधला येऊन तुमच्या भावाची माफी मागायची आहे."

त्यांनी कार्डावर शेवटची सही केली. "नको. तुम्हाला बघून दादाला त्रास होईल. तुमचं मन हलकं होईल, त्याचं काय?"

आयुष्यभर समोरच्याने नको म्हटलं की मी दुसरी वाट शोधत आलो होतो. त्या दिवशी मी मान डोलावली, कार्ड खिशात ठेवलं आणि घरी आलो. वरंधला मी अजून गेलेलो नाही.