मोठे टायर आणि मावशीचं स्टूल

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चाळीस वर्षं दगडाच्या खाणीवर मुकादम होते. माणसं हाकायची सवय निवृत्तीनंतर सुटेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. खाणीवर माणसं पन्नास होती, घरात एकटी मावशी. पन्नास जणांच्या वाटणीचं तिला एकटीला मिळू लागलं.

काकांकडे तीस वर्षांची फोर बाय फोर जीप होती. मावशीला गाडी चालवता येत नव्हती आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले. दर गुरुवारी सकाळी काका तिला आमच्याकडे, तिच्या सख्ख्या बहिणीकडे सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. तेवढा वेळ मावशी मोठ्याने हसायची. तिच्या घरी तिला हसताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

मग त्यांच्या समोरच्या डॉक्टरने नवी उंच गाडी घेतली. काकांनी तीन दिवस ती खिडकीतून पाहिली आणि चौथ्या दिवशी जीप टायरवाल्याकडे नेली. म्हणाले, "मावतील तेवढे मोठे टायर घाल."

टायरवाला सरळ माणूस. "घालतो साहेब, पण नुसते टायर घालून भागत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ते आत घासणार, म्हणजे गाडी उचलून घ्यावी लागेल. तुमच्या जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, खांदे भरून येतील. काटा साठ दाखवेल तेव्हा तुम्ही सहासष्टने पळत असाल. आणि दाराखाली पायरी लावून घ्या, बाई चढणार कशा?"

"पायरी लावायला ती काय ॲम्ब्युलन्स आहे?" काका म्हणाले.

जीप चांगली सहा बोटं उंच होऊन आली. गुरुवारी मावशीने दार उघडलं, पाय उचलला आणि परत खाली ठेवला. काका इंजिन चालू ठेवून समोर बघत बसले होते. शेवटी ती स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन आली. ते तिच्या आईचं, तिने लग्नानंतर माहेराहून मागून आणलेलं. त्यावर पाय देऊन ती कशीबशी वर चढली.

"अहो, तेवढं स्टूल आत घ्या ना. येताना लागेल."

"भंगाराला माझ्या गाडीत जागा नाही."

स्टूल फाटकापाशीच राहिलं. आमच्या दारात ती सीटवरून घसरतच उतरली.

संध्याकाळी हॉर्न वाजला. आईने आमची खुर्ची नेऊन जीपला लावली. मावशीने एक पाय खुर्चीवर ठेवला, दुसरा उचलला, दाराची कड धरली. आणि काकांनी जीप हातभर पुढे घेतली. गंमत म्हणून. मावशी तळहातांवर पडली, खुर्ची तिच्या अंगावर. काका हसत होते. "अगं, खाणीवर साठीच्या बायका डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढायच्या!"

मी तेव्हा त्यांचा गळा धरला असता. मावशी मात्र उठली. तळहातांतले खडे काढत ती आत आली आणि तिने दार लावून घेतलं. "त्याला सांग," ती आईला म्हणाली, "मी आता इथंच आहे." नवऱ्याचा एकेरी उल्लेख मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

पुढचे पाच गुरुवार काका आले. खाली न उतरता दहा दहा मिनिटं हॉर्न वाजवायचे. मी रेडिओ मोठा करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

मग दोन महिने ते आलेच नाहीत. टायरवाल्याकडून कळलं, की त्या जड स्टिअरिंगने त्यांचा उजवा खांदा धरला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. स्वतःला वर ओढून घेता येईना. फाटकापाशी पडलेल्या स्टुलाला त्यांनी दोरी बांधली होती. त्यावर पाय देऊन चढायचे, डाव्या हाताने ते वर ओढून घ्यायचे आणि उतरताना तसंच खाली सोडायचे. भंगाराला आता गाडीत जागा झाली होती, मावशीच्या सीटवर.

एका गुरुवारी ते आले आणि त्यांनी पहिल्यांदाच इंजिन बंद केलं. मावशी बाहेर गेली. काका खूप वाळले होते.

"चल घरी," ते म्हणाले. "हे बघ, स्टूल आणलंय तुझ्यासाठी."

मावशीने पलीकडचं दार उघडलं, स्टूल खाली घेतलं, दोरीची गाठ शांतपणे सोडली आणि दोरी सीटवर ठेवली.

"आईचं आहे," असं म्हणून ती स्टूल घेऊन वळली.

"अगं, मग मी उतरू कसा?"

"खाणीवरच्या साठीच्या बायकांना विचारा."

आत येऊन ती त्याच स्टुलावर बसली आणि अर्धी राहिलेली भाजी निवडू लागली. बाहेर काकांनी एकदा तिला हाक मारली. मग आईला. मग मला, जिला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आईला राहवेना. ती उठली आणि खुर्ची उचलायला गेली.

"खाली बस," मावशी म्हणाली. तो आवाज काकांचा होता. आई बसली.